पाहुण्यांचा फ्रिज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या हिमधारा कारखान्याचे प्रमुख माननीय सत्यजीत ढमढेरे साहेब. व्यासपीठावर उपस्थित असलेल्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख राजनंदिनी मॅडम. कामगार संघटनेचे अध्यक्ष आणि माझे जुने सहकारी रविराज पाचुंदकर. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या धर्मपत्नी सौ. साखरबाई, ज्या या फाटकाच्या आत आज पहिल्यांदाच आल्या आहेत. चाचणी कक्षातले, जोडणीतले, भांडारातले आणि कँटीनमधले माझे सर्व बंधू-भगिनी. आणि शेवटच्या रांगेच्याही मागे, पाण्याच्या कूलरपाशी उभ्या असलेल्या नीलमताई शितोळे.

शेवटचं नाव मला दिलेल्या कागदावर नाही, हे मला ठाऊक आहे. मी ते पदरचं घातलं, त्याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवतो. आज त्यांचाही इथला शेवटचा दिवस आहे. माझ्या शेवटच्या दिवसासाठी हार, शाल, श्रीफळ आणि हा लाल फीत बांधलेला फ्रिज. त्यांच्या शेवटच्या दिवसासाठी एक पाकीट, जे कार्यक्रम संपल्यावर कार्यालयातून घेऊन जायचं आहे, असं ऐकतो. दोन माणसं एकाच दिवशी एकाच फाटकातून बाहेर पडणार, आणि मागच्या फलकावर नाव एकाचंच. असो. क्रमाने बोललेलं बरं.

आत्ता रविराज म्हणाले की, हौसराव मामांच्या नोंदवहीत सत्तावीस वर्षांत एक खाडाखोड सापडायची नाही. खरं आहे ते. अक्षराची सवय मला शाळेने लावली. कारखान्यात येण्याआधी मी शिरूरच्या एका शाळेत लेखनिक होतो आणि त्याही आधी त्याच शाळेत विद्यार्थी. आमचे गुरुजी कविता शिकवायचे ती चालीवर. अर्थ नंतर, आधी चाल. सगळा वर्ग एका सुरात म्हणायला लागला की घोड नदीच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायकाही मान वर करून ऐकायच्या. त्या कविता माझ्या अंगात इतक्या मुरल्या की पुढे हजेरीपट जरी वाचला तरी तो चालीत जायचा. हसा, हसायला हरकत नाही. चाचणी कक्षातल्या मुली अजून माझी नक्कल करतात.

आणि थंडाव्याचं वेड? ते दौंडचं. माझे मामा दौंडला रेल्वेत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या क्वार्टरवर जायचं. दुपारच्या गाडीने बर्फाच्या लाद्या यायच्या, लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या. हमाल त्या फलाटावरून ओढत न्यायचे, मागे ओला पट्टा उमटायचा, आणि आम्ही पोरं त्या पट्ट्यावर अनवाणी उभी राहायचो. ऊन असं की पट्टा पाहता पाहता वाळायचा. तेव्हा मला वाटायचं, ही गारवा नावाची वस्तू कुणाला घरात ठेवता आली तर? पुढे नशिबाने मला तिच्याच कारखान्यात आणून बसवलं. सत्तावीस वर्षं. अठ्ठावन्नाव्या वर्षी वयोमानाने निवृत्त झालो, तरी साहेबांनी आणखी सात वर्षं नोंदी ठेवायला ठेवून घेतलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पुढे जे बोलणार आहे ते ऐकूनही आपण हे वाक्य लक्षात ठेवावं, अशी विनंती आहे.

या सत्तावीस वर्षांत निवृत्त झालेल्या एकसष्ट माणसांना मी निरोपाची कविता लिहून दिली. याच माइकवर वाचली. कुणाची चार कडवी, कुणाची दोन. गेल्याच महिन्यात निवृत्त झालेल्या भांडारातल्या दत्ताची तर त्याने भांडून सहा करून घेतली. दर वेळी घरी जाताना मनात यायचं, एक दिवस आपलाही असाच येईल. साखरबाईंना मी म्हणायचो, त्या दिवशी तुम्ही ती हिरवी पैठणी नेसा. त्या नेसल्या आहेत. हा दिवस मला फार हवा होता, एवढं आपण ध्यानात घ्या. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

आता चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या दोन नंबरच्या लाइनवर कमी वीज खाणाऱ्या घरगुती फ्रिजचं काम सुरू झालं, तेव्हा साहेबांनी कार्बन क्रेडिटच्या नियमांचं एक जाड पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, मामा, हे आपल्या बायामाणसांना समजेल असं करा. पुस्तक वाचून मी खुळा व्हायची वेळ आली. पण गाभा साधा होता. बाजारात त्याच मापाचा नेहमीचा फ्रिज वर्षाला समजा अडीचशे युनिट खातो आणि आपला एकशे ऐंशी, तर सत्तर युनिट वाचले. तेवढ्याचा कोळसा जळायचा राहिला. आपण जेवढे फ्रिज विकले तेवढ्या पटीने तो न जळलेला कोळसा मोजायचा, आणि त्याचं प्रमाणपत्र मिळवायचं. ते परदेशातली एक कंपनी विकत घेणार होती, आणि तिच्या भरवशावर आपली दोन नंबरची लाइन चालणार होती. आता प्रत्येक फ्रिज काही कुणी मोजत नाही. वर्षातून एकदा, तपासणीच्या वेळी, महिनाभरात झालेल्या सगळ्या फ्रिजमधून आठ नग चिठ्ठ्या टाकून काढायचे, बत्तीस अंशाच्या खोलीत ठेवायचे आणि ते दिवसाला किती वीज घेतात ते लिहायचं. त्या आठांवरून बाकी हजारोंचा हिशेब. म्हणजे त्या आठांना सगळ्यांच्या वतीने खरं बोलायचं होतं.

हे मी कवितेत बसवलं. ती पाटी अजून दोन नंबरच्या भिंतीवर आहे. लाइन बंद झाली, दिवे काढून नेले, पाटी राहिली. तुमच्यापैकी पुष्कळांना पाठ आहे, तरी म्हणतो:

किती पितो हा वीज दिसाला,
मोजा खोलीत बत्तीस अंशाला;
नेहमीपेक्षा वाचे जेवढी,
पुण्याई आपुली तेवढी.

नग मोजाया कुठला घ्यावा?
डोळे मिटुनी हात घालावा;
हाताला असते अपुली माया,
तिला दाराशी ठेवुनि या.

टाळ्या नकोत. शेवटच्या दोन ओळी ज्याने लिहिल्या, त्यानेच त्या मोडल्या. आज मला तेच सांगायचं आहे.

रतनबाई आपल्यातल्या जुन्यांना आठवत असतील. आठवत असतील म्हणजे काय, सहाच महिने झाले. यवतच्या. कंत्राटावर बारा वर्षं. फ्रिजच्या दोन पत्र्यांमध्ये जो फेस भरतात, ज्याला आपण पफ म्हणतो, त्या साच्यावर त्यांचा हात होता. साखरबाईंसाठी सांगतो: तो फेस म्हणजे फ्रिजची गोधडी. तो साच्यात फुगतो, कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसतो, मग घट्ट होतो. त्याला पुरता वेळ दिला तर आतला गारवा बाहेर जात नाही. घाईने साचा उघडला तर कोपरे पोकळ राहतात. वरून काही दिसत नाही. रंग तोच, दार तेच, वीजबचतीचे चिकटवलेले तारेही तेवढेच. पण तो फ्रिज रात्रंदिवस धापा टाकत राहतो.

साचा सहा मिनिटं मिटून ठेवायचा, असं कागदावर होतं. पहिल्याच उन्हाळ्यात मागणी वाढली आणि सहाची चार झाली. कुणी केली, ते मी सांगत नाही. व्यासपीठावर खुर्च्या थोड्याच आहेत.

पण रतनबाईंची एक रीत होती. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की पहिला जो फ्रिज निघे, त्याला त्या मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरच्या वर, हळदीकुंकवाचं बोट लावायच्या. तो फ्रिज साच्यात पुरा वेळ ठेवायचा. सुपरवायझर ओरडला तरी त्या हलायच्या नाहीत. म्हणायच्या, "बसू दे की जरा. नवरीला हळद लागल्याबरुबर उठवत्यात व्हय?" पुढे कुणी मोठा पाहुणा येणार असला, मंत्री असो की बाहेरगावचा व्यापारी, तरी त्या दिवशी थोडे फ्रिज असेच निवांत बनायचे आणि दाराजवळ सावलीत वेगळे उभे राहायचे. पाहुण्याला दाखवायचे ते हे. त्यांना सगळी लाइन म्हणायची पाव्हण्याचा फ्रिज. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. घरी कुणी आलं तर आपण तडा गेलेली बशी पुढे करतो का? दुधावरची साय कुणाच्या चहात घालतो? तेच इथे.

मग कार्बन क्रेडिटचा तपासनीस पहिल्यांदा आला. तोही पाहुणाच की. फार दुरून आलेला, सभ्य, चष्मा पुसत बोलणारा माणूस. रतनबाईंनी आदल्या दिवशीच चाळीस फ्रिज मायेने करून दाराशी लावले होते, पुसून, ओळीत. आणि माझ्याकडे काम होतं चिठ्ठ्यांचं. महिन्याचे फ्रिज चार हजारांच्या वर. तेवढ्या नंबरांच्या चिठ्ठ्या लिहायच्या, मग निघालेला नग गोदामातल्या थप्पीतून शोधून काढायचा. मी दाराशी उभ्या असलेल्या त्या चाळिसांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या पाठीवर हळदीचं बोट. आणि मी चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. सुवाच्य अक्षरात.

हा तो डबा. स्टीलचा, साखरबाईंच्या घरचा. तपासनिसाने डोळे मिटले, हात घातला, आठ चिठ्ठ्या काढल्या. डबा खरा, चिठ्ठ्या खऱ्या, मिटलेले डोळेही खरे. चिठ्ठ्या किती, ते त्याने मोजलं नाही; आत काय घातलं होतं, ते मलाच ठाऊक होतं. आणि माझी शपथेवर सांगायची तयारी आहे की मला तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं नाही. आपण पाहुण्याचं नीट केलं, असं वाटलं. आठही नग असे काही उतरले की तपासनीस दोनदा चष्मा पुसून आकडे बघत होता. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. त्या वर्षी मात्र चिठ्ठ्या घडी घालताना माझा हात जरा थांबला होता. थांबला, आणि पुन्हा चालू लागला.

फॉर्मवर एक ओळ असते: सदर नमुना महिनाभराच्या संपूर्ण उत्पादनातून काढला आहे. त्याखाली चाचणी कक्षाच्या प्रमुखाची सही. प्रमुख नीलमताई. दौंडहून कंपनीच्या बसने चौफुला, न्हावरा करत यायच्या, सकाळी सव्वाआठला कक्षात हजर. दोन्ही वर्षी कागद मीच त्यांच्यापुढे नेला. काटेकोर बाई, तापमापीची तार बोटभर सरकली तर चाचणी पुन्हा लावणार. पहिल्या वर्षी त्यांनी पेन उघडलं आणि मला विचारलं, "मामा, चिठ्ठ्या तुम्ही लिहिल्या ना?"

मी हो म्हणालो.

"मग मी काय बघायचं," त्या म्हणाल्या, आणि सही केली.

जरा पाणी घेतो.

अध्यक्ष महोदयांनी मला एक चिठ्ठी पाठवली आहे. "मामा, आवरतं घ्या." चिठ्ठ्यांचं आणि माझं जुनं नातं आहे साहेब. ही मी डब्यात ठेवतो. आवरतंच घेतोय. सत्तावीस वर्षांत मी या माइकवर दिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट जास्त घेतलं नव्हतं, ती सगळी शिल्लक आज खर्च करतो.

तिसऱ्या वर्षी तपासनीस बदलला. नव्याने सांगितलं की कारखान्यातले नग नकोत, विकलेल्यांची यादी द्या, त्यातले वीस मी निवडतो. ते लोकांच्या घरून आणा आणि इथे मोजा. तोवर त्यांच्याकडे दुसरा फ्रिज ठेवा. मी आणि नीलमताई टेम्पो घेऊन निघालो. पाटस, दौंडची रेल्वे कॉलनी, केडगाव, आणि शेवटी यवत. यवतच्या पत्त्यावर पोचलो तर दारात रतनबाई. कामगारांच्या सवलतीत त्यांनीही आपल्या लाइनचा फ्रिज घेतला होता आणि यादीत नेमका त्यांचा नंबर लागला होता.

त्यांनी आम्हाला बसवलं. चहा केला. दोन खोल्यांचं घर, फ्रिजवर विणकामाचं झाकण, वर गणपती. फ्रिजच्या डाव्या अंगाला, खालच्या कोपऱ्यात पत्र्यावर पाणी डवरलेलं. त्यांनी ते पदराने पुसलं आणि म्हणाल्या की उन्हाळ्यात ह्याला असाच घाम फुटतो, खाली फडकं ठेवावं लागतं. नीलमताईंनी हात लावून पाहिला. त्या जागी पत्रा गार लागत होता. त्यांना कळलं. मलाही कळलं. कोपरा पोकळ होता.

त्यांनी रतनबाईंना विचारलं, अहो, तुम्ही स्वतः पफ भरता, आणि तुमच्याच घरी असा कसा?

रतनबाई हसल्या. म्हणाल्या, "आमचा काय पाव्हण्याचा न्हाई बाई. रोजचाच हाय."

"पाहुण्याचा म्हणजे?" नीलमताईंनी विचारलं. रतनबाईंना नाही, माझ्याकडे बघून विचारलं.

मी म्हणालो, काही नाही, त्यांची बोलायची पद्धत आहे ती.

आजवर मी पुष्कळ ओळी लिहिल्या, पुष्कळ बोललो. त्या एका वाक्याइतकं हलकं वाक्य माझ्या तोंडून कधी गेलेलं नाही. रतनबाईंनी कपबश्या उचलल्या. त्यांना काय समजायचं ते समजलं असावं, कारण फ्रिज टेम्पोत चढवताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "मामा, ह्ये मोजल्यावर लाइन राहतीया का जातीया?" मी म्हणालो, बघू.  मग त्या नीलमताईंपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "जे दिसंल त्येच लिवा, बाई. आमच्या घरी बिल येतंय, आमाला ठावंच हाय."

वीसपैकी सतरा फ्रिज नेहमीच्याइतकीच वीज खात होते. नीलमताईंना सुचवण्यात आलं की चाचणी पुन्हा लावून बघा, खोलीचं तापमान तपासा, तारा तपासा. त्यांनी तीनदा लावली. तिन्ही वेळा जे दिसलं ते लिहिलं. तिन्ही वर्षांची प्रमाणपत्रं रद्द झाली. परदेशातली कंपनी निघून गेली. दोन नंबरची लाइन बंद झाली आणि कंत्राटावरची एकशे बारा माणसं, त्यात नव्वदच्या वर बाया, एका शनिवारी फाटकाबाहेर उभी राहिली. त्यांना हार घालायला कुणी आलं नव्हतं. मीही नव्हतो गेलो. खिडकीतून पाहिलं.

मग चौकशी. मला एकच प्रश्न विचारला गेला. पहिल्या दोन वर्षांचे नमुने कसे निवडले? मी म्हणालो, नियमाप्रमाणे, साहेब. भिंतीवर लिहिलंय तसे. पुढे कुणी काही विचारलं नाही. म्हातारा माणूस, कविता करतो, तीन महिन्यांनी जायचाय. त्यांनी मला चहा पाजला. नीलमताईंना मात्र चार दिवस बसवून घेतलं. त्यांनी काय सांगितलं ते मला नंतर रविराजकडून कळलं. त्या एवढंच म्हणत राहिल्या की सही माझी आहे. यवतला जे ऐकलं, ते त्यांनी काढलं नाही. माझं नाव त्यांच्या तोंडून आलं नाही.

का आलं नाही? मी त्यांना बसथांब्यावर गाठलं. काही तरी पुटपुटलो असेन. त्या बसकडे बघत म्हणाल्या, "मामा, मी तुम्हाला काही विचारणार नाही. तुमचं तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा." आणि बसमध्ये चढल्या.

याला तीन महिने होतील. तीन महिने मला ते वाटत होतं, आणि मी सांगत नव्हतो. कारण सांगितलं असतं तर हा समारंभ झाला नसता. ही शाल मला हवी होती. साखरबाईंना फाटकाच्या आत आणायचं होतं. एकसष्ट जणांना दिलेला निरोप बासष्टाव्याला मिळावा, असं वाटत होतं. एवढ्यासाठी. साखरबाई, तुम्ही खाली बघू नका. यात तुमचा दोष नाही. तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि डबा कशाला नेला हेही तुम्ही विचारलं नव्हतं.

त्या पाकिटात काय लिहिलं आहे, ते कार्यालयातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. नमुना निवडताना जाणूनबुजून फेरफार. असा शेरा घेऊन गेलेल्या माणसाला देशातल्या कुठल्या चाचणी कक्षात कुणी उभं करील? सोमवारी तो शेरा तपासणाऱ्या संस्थेकडेही जाणार आहे. ज्या बाईने या कारखान्यात एकदा तरी खरा आकडा लिहिला, तिच्याच नावावर खोटेपणा चढणार आहे, आणि ज्याने चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या त्याच्या खांद्यावर शाल.

म्हणून साहेब, मी काल नोंदवहीत लिहिलं आहे. सत्तावीस वर्षांतली पहिली खाडाखोड. पहिल्या दोन वर्षांच्या पानांवर ‘संपूर्ण उत्पादनातून’ हे शब्द मी तांबड्या शाईने खोडले आणि त्यापुढे लिहिलं, ‘चाळीस वेगळ्या ठेवलेल्या नगांतून’. खाली तारीख, खाली माझी सही. वेगळा जबाबही लिहून आणला आहे. त्याच्या चार प्रती. एक आपल्याला, एक राजनंदिनी मॅडमना, एक रविराजना, आणि एक मी सकाळी शिरूरच्या पोस्टातून तपासणाऱ्या संस्थेला रजिस्टर करून आलो आहे. त्यामुळे माझं हे बोलणं आता मागे घेण्यासारखं राहिलेलं नाही.

पण कागद म्हणजे कागद. उद्या कुणी म्हणेल, म्हातारा वाहवला, बाईची दया आली म्हणून स्वतःवर घेतो. तेव्हा पुरावा दाखवतो. तो इथेच उभा आहे, लाल फीत बांधून.

दत्ता, जरा हा फ्रिज फिरव. पूर्ण. पाठ लोकांकडे येऊ दे.

दिसतंय का मागच्यांना? कॉम्प्रेसरच्या वर. पिवळं बोट, त्यावर लाल. लाइनच्या शेवटच्या दिवशी रतनबाईंनी एक फ्रिज साच्यात तब्बल दहा मिनिटं मिटून ठेवला. सुपरवायझरला म्हणाल्या, आता काय काढून टाकणार हायेस का मला? आणि भांडारात दत्ताच्या हवाली करताना सांगितलं, "ह्यो मामांचा. त्यांच्या निरोपाला द्या." दत्ताने शब्द पाळला. आज सकाळी पुसता पुसता मी मागे वाकलो आणि हे बोट पाहिलं. ज्या बाईला मी खिडकीतून जाताना पाहिलं, तिने जाता जाता माझ्यासाठी या कारखान्यातला सगळ्यात चांगला फ्रिज करून ठेवला होता. त्या आता यवतच्या एका ढाब्यावर कांदा चिरतात. त्यांना आज बोलवावं, असं मी सुचवलं होतं. कंत्राटावरच्या लोकांना फाटकात पास मिळत नाही, असं कळलं.

अध्यक्ष महोदय, आपण प्रेमाने दिलेली भेट नाकारणं उद्धटपणाचं आहे. तरी हा फ्रिज माझ्या घरी जाऊ नये. तो चाचणी कक्षात जावा. त्याच्या शेजारी गोदामातल्या थप्पीतला, दोन नंबरचाच, कुणीही डोळे मिटून काढलेला दुसरा ठेवा. खोली बत्तीस अंशांवर. दोघांची वीज मोजा. पाहुण्याचा फ्रिज म्हणजे काय, आणि चाळीस चिठ्ठ्यांनी काय केलं, हे आकडेच सांगतील. ते आकडे नीलमताईंनी लिहावेत, कारण त्यांनी लिहिलेल्या आकड्यावर माझा विश्वास आहे. त्यांचा आजचा दिवस संपायला अजून पाच तास आहेत. तोवर ते पाकीट कार्यालयातच राहू द्यावं, एवढीच या सत्कारमूर्तीची मागणी.

याने लाइन सुरू होणार नाही. एकशे बारांपैकी एकही बाई परत येणार नाही. कदाचित नीलमताईंनाही आज जावंच लागेल. मला खात्री नाही, आणि आपल्या चेहऱ्यावरून ती मिळतही नाही. माझं जे व्हायचं ते होईल, पासष्टाव्या वर्षी ते फारसं उरलेलंही नाही.

मला निरोपाची कविता सुचली नाही. काल बसलो होतो. पहिली ओळसुद्धा आली नाही. भिंतीवरच्या त्या दोन ओळीच परत परत येत राहिल्या.

आता रीतीप्रमाणे आभार. आपण मला सत्तावीस वर्षं सांभाळलंत, आज वेळ संपल्यावरही बोलू दिलंत, दत्ताने वय विसरून फ्रिज फिरवला, साखरबाई शेवटपर्यंत बसून राहिल्या. सगळ्यांचा ऋणी आहे. बोलताना कुठे मर्यादा सुटली असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते पोटात घालावं. तीन महिने जे बोललो नाही, ते मात्र पोटात घालू नये. ते लिहून ठेवावं.

शाल इथे खुर्चीवर ठेवतो.

नीलमताई, कक्षाची किल्ली अजून माझ्या खिशात आहे. खोली बत्तीस अंशांवर यायला वेळ लागतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. चला, आत्ता चालू करू. चहा यांना घेऊ द्या.